काळी माती, 1800 वर्गफूट लॉन: फवारे बसवणारा कसा पारखावा आणि बी केव्हा टाकावं?

बिचोलीकर

नमस्कार मंडळी. इंदूरला बिचोलीकडे घराच्या मागे 40 बाय 45 फुटांचा मोकळा तुकडा आहे. माती अस्सल काळी, उन्हाळ्यात बोट आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पश्चिमेच्या भिंतीला कडुनिंब, बाकी जागेवर दिवसभर ऊन. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, पाणी 10,000 लिटरच्या हौदात पडतं. बोअर आहे, पण मे महिन्यात त्याचा भरवसा नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी घरी मुंज आहे, तोवर पाय ठेवता येईल असं लॉन हवं. गवताच्या तयार लाद्या न आणता बियाण्यापासून करायचा विचार आहे.

फवाऱ्यांसाठी दोघांना विचारलं. एकाने फोनवरच वर्गफुटाचा भाव सांगून 16 पॉप-अप (पाणी आलं की जमिनीतून वर येणारे फवारे) लागतील म्हटलं. दुसरा म्हणतो, मोटर कशाला, गच्चीवरच्या टाकीवर चालून जाईल. टाकी जमिनीपासून 8 मीटरवर आहे. कुणाचं ऐकावं? आणि आधी काय करायचं, पाइप की बी? आत्ता एप्रिल चालू आहे.

ठिबकवाला_राऊ

दादा, आधी दुसऱ्याचं बघू. 10 मीटर उंचीला 1 बार प्रेशर मिळतं. तुमच्या 8 मीटरला 0.8 बार, त्यातून फिल्टर, व्हॉल्व्ह आणि पाइपची घट गेली की नोझलपाशी जेमतेम अर्धा बार उरेल. साध्या स्प्रे नोझलला 2.1 बार लागतो, फिरत्या धारेच्या रोटरी नोझलला 2.8 बार. टाकीवर पॉप-अपचं डोकं धड वरही येणार नाही. आलं तरी पाणी फवाऱ्याच्या बुडाशीच ओघळेल आणि मधला भाग कोरडा राहील. टाकीवर फार तर कडेच्या झाडांचं ठिबक चालेल.

पहिल्याचे 16 पॉप-अप कुठून आले ते कळतं. 15 फूट धार टाकणारी नोझल 4 बाय 4 च्या चौकटीत धरलीत तर 16 होतात. कोपऱ्यातली पाव वर्तुळाची 4, कडेची अर्ध्या वर्तुळाची 8, मधली पूर्ण 4. ती अनुक्रमे मिनिटाला साडेतीन, 7 आणि 14 लिटर पितात. एकूण 126 लिटर. घरगुती मोटर एवढं एकदम देत नाही, म्हणजे तीन-चार झोन (पाळीपाळीने चालणारे गट), तितके व्हॉल्व्ह, तितकी वायर. खर्च सोडा, खरी अडचण मातीची आहे. या हिशेबाने जमिनीवर तासाला 45 मिमी पाणी पडतं. भेगा मिटलेली काळी माती तासाला 5 मिमीसुद्धा नीट पीत नाही. पाच मिनिटांत डबकं होणार आणि बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होणार.

तुमच्याकडे रोटरी नोझल बसवा. 45 फुटांच्या बाजूला 4, 40 फुटांच्या बाजूला 3, अशी 12 पुरतात. सगळी मिळून मिनिटाला 35 लिटरच्या आसपास घेतात आणि तासाला साधारण 12 मिमी पाणी पाडतात. एका झोनमध्ये काम होतं. एक नियम मात्र सोडायचा नाही: एका नोझलची धार शेजारच्या नोझलच्या बुडाशी पोचलीच पाहिजे. नग वाचवायला अंतर वाढवलं की मे महिन्यात लॉनवर पिवळे गोल उमटतात आणि मग मालक खताला दोष देतो.

मोटर घेताना पाटीवरचे 'मॅक्स हेड' (किती मीटर उंचीचा दाब) आणि 'मॅक्स डिस्चार्ज' (किती पाणी) हे आकडे एकत्र वाचू नका. ते दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. दुकानदाराकडे तक्ता मागा आणि 38 मीटर हेडवर मिनिटाला 40 लिटर मिळतात का ते बघा. तेवढं मिळत नसेल तर जागेचे दोन झोन करा, मग 38 मीटरवर 20 लिटरही चालतील. मोटर हौदावरच बसवायची. नळाच्या लाइनला थेट मोटर लावणं बेकायदा आहे, शिवाय शेजारच्यांचं पाणी ओढलं जातं. हौदात फ्लोट स्विच हवाच, नाहीतर नळ न आलेल्या दिवशी टायमर मोटर कोरडी चालवेल आणि सील जळेल.

आता माणूस पारखायचा. जो हौदाचं झाकण न उघडता भाव सांगतो त्याला चहा पाजून परत पाठवा. कामाचा माणूस आल्याबरोबर बादली मागतो, मोटर चालू करून 10 लिटर भरायला किती सेकंद लागले ते मोजतो, नळाला गेज लावून पाणी वाहत असतानाचं प्रेशर बघतो. बंद नळावरचा आकडा कामाचा नाही. मग टेप धरून जागा मोजतो आणि कागदावर प्रत्येक नोझलची जागा, कोन आणि मॉडेल लिहून देतो. तो कागद आला की कोटेशनमध्ये माल आणि मजुरी वेगळी मागा. कंपनी रेन बर्ड, हंटर, टोरो, जैन, कुठलीही चालेल, फक्त एका झोनमध्ये स्प्रे आणि रोटरी मिसळलेली नकोत. दोघांच्या पाण्यात तिपटी-चौपटीचा फरक असतो.

कराराच्या कागदावर पुढचं लिहून घ्या. मुख्य पाइप 32 मिमी, 30 सेंमी खोल, खाली-वर थोडी वाळू. काळी माती फुगते, आकसते आणि कडक जोड तोडते, म्हणून पॉप-अप थेट एल्बोवर चिकटवायचा नाही, लवचिक स्विंग जॉइंटवर बसवायचा. हौदानंतर 120 मेशचा डिस्क फिल्टर आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. सोलेनॉइड (विजेवर उघडणारा) व्हॉल्व्ह 24 व्होल्टचा, झाकणाच्या पेटीत. वायरचे जोड जेल कनेक्टरने, काळ्या टेपने नाही. जमिनीतल्या वायरचा टेपचा जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो. कंट्रोलरवरून, म्हणजे टायमरवरून, मोटर थेट चालत नाही, मध्ये रिले (मोटर चालू-बंद करणारा स्विच) लागतो, तो कोटेशनमध्ये आहे का बघा. बरेचदा तो 'वरून' निघतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चर उघडे असतानाच प्रेशर टेस्ट. चालू प्रेशरच्या दीडपट देऊन दोन तास गेजचा काटा हलला नाही पाहिजे. त्यानंतर प्रत्येक चराचा टेप ठेवून फोटो काढायचा, मगच माती ओढायची. शेवटचा हप्ता, निदान दहा टक्के, वाट्यांच्या चाचणीपर्यंत हातात ठेवा.

बिचोलीकर

वाट्यांची चाचणी म्हणजे?

ठिबकवाला_राऊ

एकसारख्या, सरळ काठाच्या 12-15 वाट्या किंवा स्टीलचे पेले लॉनवर सारख्या अंतरावर मांडायचे, काही नोझलजवळ, काही मध्ये. वारा नसताना 20 मिनिटं फवारे चालवायचे आणि प्रत्येकात पट्टी बुडवून मिमी मोजायचे. तुमच्या नोझलने सरासरी 4 मिमी यायला हवेत. एका पेल्यात 6 आणि दुसऱ्यात 2 निघाले तर बसवणाऱ्याने नोझलचा कोन, अंतर किंवा प्रेशर सुधारून द्यायचं. हाच आकडा पुढे टायमर लावायला उपयोगी पडतो.

माती_आणि_मूळ

पाइप आधी की बी, याचं उत्तर आपल्या मातीत दडलंय. पाइप मे महिन्यात, बी ऑगस्टच्या शेवटी. पावसाळ्यात काळ्या मातीत चर खणताच येत नाही, भिंती ढासळतात आणि गेंतीला चिखल चिकटतो. उलट मेमध्ये पुरलेले चर जून-जुलैच्या पावसाने आपोआप बसतात. जिथे खड्डा पडेल तिथे ऑगस्टमध्ये भर घालता येते. बी टाकल्यावर चर बसला तर लॉनवर कायमची नाली दिसते. पॉप-अपची अंतिम उंचीही तेव्हाच ठरवा, डोकं मातीच्या बरोबरीने.

मातीत वाळू मिसळायचा मोह टाळा. काळ्या चिकणमातीत तगारीभर वाळू घातली तर ती मोकळी होत नाही, वाळली की विटेसारखी होते. उपयोग व्हायला निम्म्याहून जास्त वाळू लागेल. त्यापेक्षा वर 5 सेंमी पिवळी माती, म्हणजे तुमच्या जागेला 300 घनफूट, आणि अडीच सेंमी चाळलेलं कंपोस्ट, सुमारे 150 घनफूट. हे थर तसेच ठेवायचे नाहीत. खालच्या 10 सेंमी काळ्या मातीत कालवायचे, नाहीतर पाणी दोन मातींच्या सांध्यावर थबकतं आणि मुळं तिथेच थांबतात. सोबत सिंगल सुपर फॉस्फेट 5 किलो. उतार घरापासून दूर, शंभरात एक, म्हणजे 45 फुटांत साधारण 14 सेंमी. कंपोस्ट कुठलंही आणा, पण 6 मिमीच्या जाळीतून चाळून. 1924 ते 31 मध्ये आल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' जिथे बसवली ते आपलं आजचं कृषी महाविद्यालय, तेव्हा या गावाला खत विकत मिळत नाही असं म्हणायची सोय नाही.

मातीची तपासणी करून घ्या. सामू (pH) 8 च्या वर आला तर पुढे लॉन पिवळं पडणार हे आत्ताच समजा. तो पिवळेपणा नत्राचा नसतो, लोहाचा असतो: नवी पानं फिकट, शिरा हिरव्या. त्यावर फेरस सल्फेट लिटरला 5 ग्रॅम, चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून, संध्याकाळी फवारायचं. कोटा फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत.

तणाचा बंदोबस्त जून-जुलैतच. जमीन तयार करून सोडून द्या. पहिल्या पावसाने गाजरगवत, लव्हाळा जे काय उगवेल ते दोन बोटांएवढं झालं की वरवर खुरपायचं. खोल उकरायचं नाही, नाहीतर खालचं बी वर येतं. पुन्हा उगवू द्यायचं, पुन्हा खुरपायचं. तीन वेळा केलंत तर वरच्या थरातलं बरंच बी संपतं. अपवाद लव्हाळ्याचा. त्याच्या गाठी खुरपीने तुटून वाढतात, म्हणून तो गेंतीने 20 सेंमी खणून काळ्या गाठीसकट काढावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण लॉन उगवल्यावर ते करताच येत नाही.

बियाण्याबद्दल. आपल्याकडे बियाण्यापासून करायचं म्हणजे हरळीच, दुकानात 'दूब' म्हणून मिळते. शेतकरी जिला आयुष्यभर शिव्या घालतो तिलाच आपण पैसे देऊन आणतो! टिफवे, टिफड्वार्फ या संकरित जाती वांझ आहेत, त्यांना बी धरत नाही. त्यांचं 'बी' कुणी विकत असेल तर दुकान बदला. पाकिटावर 'पाच दिवसांत हिरवं' लिहिलेलं असेल तर ते बहुतेक राय ग्रास, थंडीचं गवत. एप्रिलच्या उन्हात ते करपून जातं.

सोललेलं बी घ्या, 7 ते 14 दिवसांत उगवतं. सालीसकट असलेलं तीन-चार आठवडेही घेतं. वर्गमीटरला 8 ग्रॅम धरा. तुमची जागा 167 वर्गमीटर, कडुनिंबाखालचा पट्टा सोडून सव्वा किलो पुरे. बी रंगीत लेप दिलेलं असेल तर निम्मं वजन लेपाचंच असू शकतं, तेव्हा अडीच किलो. लेबलवर उगवण टक्केवारी, शुद्धता, लॉट नंबर आणि तारीख बघा. सुटं बी घेऊच नका, त्यात निम्मा भुसा आणि उरलेलं कुणाचं काय ते उगवल्यावर कळतं. घरी 100 दाणे ओल्या टिश्यूवर, झाकणाच्या डब्यात, उबदार जागी ठेवा. दोन आठवड्यांत 75 उगवले तर बी चांगलं.

पेरणी 25 ऑगस्ट ते 15 सप्टेंबर. जोराचा पाऊस येणार असा अंदाज असेल तर थांबा. जमीन दाताळ्याने मोकळी करा, पाय टाकला तर ठसा एक सेंमीहून खोल जाता कामा नये. जास्त जात असेल तर आधी रोलर. बी दोन तगाऱ्या कोरड्या वाळूत कालवा. दाणा इतका बारीक असतो की नुसता हाताने सारखा पडतच नाही. निम्मं उभं टाका, निम्मं आडवं. दाताळ्याच्या पाठीने हलकेच ओढा. 3 ते 6 मिमीपेक्षा खोल गेलेलं बी वर येत नाही. वरून 3 मिमी चाळलेलं कंपोस्ट आणि एकदा हलका रोलर. हे कंपोस्ट वगळू नका. उघड्या काळ्या मातीवर पाणी पडलं की पापडी धरते आणि कोंब तिच्याखाली वाकतो.

मुंग्यांकडे लक्ष ठेवा. त्या बी रांगेने उचलून नेतात आणि माणूस बियाण्याला नावं ठेवतो. वारुळं पेरणीआधीच शोधून काढा. चिमण्यांसाठी हिरवी शेडनेट जमिनीवर पसरा, पण कोंब दिसले की त्याच दिवशी काढा. दोन दिवस उशीर झाला तर कोंब जाळीत अडकून उपटले जातात.

रामबागची_माई

दोघांनी छान सांगितलंय, पण मुंज नोव्हेंबरात आहे हे विसरू नका. बियाण्याची हरळी सप्टेंबरात टाकली तर नोव्हेंबर अखेर 11-12 आठवड्यांची होईल. हिरवी दिसेल, अंगावर भार झेलणार नाही. शिवाय नोव्हेंबरात रात्री थंड होऊ लागल्या की हरळीची वाढ मंदावते, मग जिथे टक्कल राहिलं तिथे फेब्रुवारीपर्यंत राहतं. 15 सप्टेंबर हुकली तर बियाण्याचा नाद सोडून हरळीच्या मुळ्याच लावा. 8-10 सेंमीवर दोन-तीन पेरांचे तुकडे खोचायचे, एक पेर मातीत, एक वर. मजुरी जास्त, पण धावत्या फांद्या फुटायला बियाण्याइतकी वाट बघावी लागत नाही.

लाद्यांना मात्र माझा विरोध. लादीच्या मातीतून लव्हाळा फुकट घरी येतो. घ्यायचीच झाली तर एक लादी उलटी करून बोटाने चाचपा, काळ्या गाठी लागल्या तर गाडी परत.

आणि माझी एक सूचना: कडुनिंबाखाली हरळी लावूच नका. तिला रोज निदान सहा तास ऊन लागतं. तिथे मुरूम टाकून बसायला कट्टा करा, पंगतीतल्या वडीलधाऱ्यांनाही सावली मिळेल.

बिचोलीकर

माई, कट्टा पटला. राऊवाले दादा, दोन गोष्टी: टायमर कसा लावायचा, आणि उन्हाळ्यात हौद पुरेल का?

ठिबकवाला_राऊ

पेरणीनंतरचे पहिले दोन आठवडे: सकाळी 7, 10, दुपारी 1 आणि 4 वाजता प्रत्येकी 10 मिनिटं. एका वेळी 2 मिमी, दिवसाचे 8 मिमी. तुमच्या जागेला दिवसाला साधारण 1,300 लिटर. उद्देश वरचा सेंटीमीटर ओला ठेवणं एवढाच. पाऊस झाला त्या दिवशी बंद, रेन सेन्सर लावला तर तो स्वतःच बंद करेल. चारनंतर पाणी नको. रात्रभर ओलं राहिलं तर कोंब बुडाशी सडून झोपतात, ठिपक्या-ठिपक्यांनी नाहीसे होतात.

तिसऱ्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा, 12 मिनिटं. पहिल्या कापणीनंतर एक दिवसाआड सकाळी, 12 मिनिटं, 45 मिनिटं थांबून पुन्हा 12. मधली विश्रांती काळ्या मातीसाठी आहे, त्या वेळात पाणी खाली उतरतं. सलग 24 मिनिटं लावलीत तर शेवटची दहा मिनिटं रस्त्यावर जातात.

कापणी गवत 6 सेंमी झाल्यावर, माती कोरडी असताना, 4 सेंमीवर. पातं धारदार हवं, बोथट पातं कोवळी मुळं उपटतं. कापणीनंतर युरिया वर्गमीटरला 5 ग्रॅम, कोरड्या पानांवर टाकून लगेच पाणी. ओल्या पानावर दाणा चिकटला की तिथे जळतं.

हौदाचं गणित असं. मेमध्ये हरळीला रोज 5 मिमी धरा, 167 वर्गमीटरला 835 लिटर. उडून जाणारं, कडेला सांडणारं धरून 1,100. महिन्याला 33,000. नळ एक दिवसाआड येत असेल तर घरचा वापर वजा करून हौदात दोन दिवसांचे 2,200 लिटर शिल्लक राहतात का, हे आत्ता एप्रिलमध्येच पट्टी टाकून बघा. राहत नसतील तर मेमध्ये हरळीला तहानेल्या अवस्थेत सोडलेलं चालतं. आठवड्यातून एकदा 20 मिमी द्या. ती तपकिरी पडेल, मरणार नाही, पहिल्या पावसाला परत येईल. नव्या बोअरच्या भरवशावर राहू नका. जिल्हा जलअभावग्रस्त जाहीर झाला की त्या काळात परवानगीशिवाय बोअर खणता येत नाही. असलेल्या बोअरचं पाणी जड असेल तर नोझलच्या बुडातली जाळी दोन महिन्यांनी काढून तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा. पांढरी खपली धरली की धार आखूड होते.

आणखी एक, मुंजीचं. मंडपवाला येईल तेव्हा तो चरांचा फोटो हातात धरून उभे राहा. त्याच्या लोखंडी खुंट्या दीड-दोन फूट खोल जातात आणि आपला पाइप फूटभरावर आहे. चुन्याने पाइपची रेघ आखून द्या, पॉप-अपच्या प्रत्येक डोक्याशी बांबूची काडी खोचा. फवारे दोन दिवस आधी बंद करा, माती वाळली की पायांनी दबत नाही. लॉनवर मॅट किंवा दरी आदल्या रात्री नको, सकाळी टाकून संध्याकाळी उचला. दोन दिवस झाकलेली हरळी पिवळी पडते, आणि त्या थंडीत तिला भरून यायला वेळ लागतो.

माती_आणि_मूळ

मंडप उतरल्यावर रोलर फिरवू नका, उलट दाबलेल्या जागी बागकामाच्या काट्याने 10 सेंमी खोल, वीतभर अंतरावर भोकं पाडा आणि त्यात चाळलेलं कंपोस्ट ओढा. युरिया मात्र फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत थांबवा. थंडीत दिलेला युरिया हरळीपेक्षा तणच आधी खातं.